मित्सुओकाच्या रेट्रो गाड्या: कुठली जमली, कुठली फसली

नव्या टोयोटाला ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन एसयूव्हीचं तोंड लावलेलं बघितलं की काही लोक लगेच प्रेमात पडतात आणि काही म्हणतात हे काय भलतंच करून ठेवलंय, तर मी प्रेमात पडणाऱ्यांपैकी आहे हे आधीच सांगतो. मित्सुओका ही जपानी कंपनी नेमकं हेच काम करते, १९६८ मध्ये तोयामाला सुरू झाली, आणि यांच्या गाड्या मी एवढी वर्षं फॉलो करतोय की जवळजवळ प्रत्येक मॉडेलबद्दल माझं ठाम मत झालंय. काही गाड्या अप्रतिम जमल्यात, काही अजिबात जमल्या नाहीत, आणि फरक कशामुळे पडतो ते बघायचं असेल तर ग्रिल सोडा, पुढची काच आणि दरवाजे बघा.

कसं आहे, हे लोक निसान, माझदा, टोयोटा, होंडा अशी कुठलीतरी तयार नवी गाडी घेतात, तिचं बंपर, ग्रिल, हेडलाइट, बॉनेट असं पुढचं सगळं बदलतात, मागचे लाइट आणि डिकीची बाजू बदलतात, आणि भरपूर क्रोम लावतात. मधला भाग मात्र सहसा आहे तसाच ठेवतात, म्हणजे पुढची काच, तिच्या बाजूचे खांब, दरवाजे, छप्पर. कारण ठोकर बसल्यावर माणूस वाचतो तो याच पिंजऱ्यामुळे, एअरबॅगचं गणितही त्यावरच बसवलेलं असतं, त्याला हात लावायचा म्हणजे सगळ्या टेस्ट पहिल्यापासून. आणि घोळ इथेच होतो. जुन्या गाड्यांची पुढची काच बरीच उभी असायची, खांब बारीक, खिडक्या मोठ्या आणि खालपर्यंत आलेल्या. आजच्या गाडीची काच मागे झोपलेली, खांब जाडजूड, दरवाज्याचा पत्रा पार खांद्यापर्यंत. त्यामुळे समोरून फोटो काढला तर एकदम साठचं दशक वाटतं, आणि दोन पावलं बाजूला सरकलात की आतली नवी गाडी डोकं वर काढते.

आता बडी घ्या, २०२० ची, टोयोटा राव्हफोरवर बनवलेली. माझ्या मते यांचं सगळ्यात हुशार काम. तोंड शेवरोलेच्या के५ ब्लेझर या जुन्या अमेरिकन एसयूव्हीच्या वळणाचं, दोन्ही बाजूंना चौकोनी हेडलाइट एकावर एक असे दोन दोन, मध्ये रुंद ग्रिल, क्रोमचा जाड बंपर, मागे उभे चौकोनी लाइट. आणि हे सगळं शोभतं, कारण मुळात ती राव्हफोरच कोनेदार आहे, चाकांवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कमानी बघा, गोल नाहीतच, कोपरे कापल्यासारख्या आहेत, दरवाज्यावरच्या रेघा पण सरळ, ठसठशीत. म्हणजे नवीन चेहऱ्याला जे शरीर मिळालं ते आधीपासूनच त्या चेहऱ्याच्या भाषेत बोलत होतं. बाजूने बघताना पुढचा दरवाजा आणि फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, जिथे भेटतात तिथे नजर अडकतच नाही, आणि या प्रकारच्या गाडीत मी पहिल्यांदा तीच जागा बघतो. हायब्रिडमध्ये पण काढलीय, म्हणजे जुन्या ब्लेझरची ऐट आणि पेट्रोलचा खर्च आजच्या गाडीचा, अजून काय पाहिजे.

रॉक स्टार पण अशीच. कंपनीला ५० वर्षं झाली म्हणून २०१८ मध्ये काढली, फक्त २०० गाड्या, माझदाच्या एमएक्स-५ या छोट्या उघड्या छताच्या गाडीवर, आणि चेहरा १९६३ ते ६७ च्या कॉर्व्हेट स्टिंग रे या अमेरिकन स्पोर्ट्स कारचा. रंगांची नावं पण अमेरिकन, लॉस एंजेलिस ब्लू, शिकागो रेड वगैरे. लांब बॉनेट, दोन सीट, आखूड शेपूट, ही मापं दोन्ही गाड्यांची मुळातच सारखी आहेत त्यामुळे काचेचा प्रश्न फार जाणवत नाही, त्यातून छत खाली केलं की खांब आणि छपराचा विषयच संपतो. मागचे गोल लाइट, एका बाजूला दोन, हे तर मला ओरिजिनल इतकेच आवडतात. फक्त इंजिन १.५ लिटरचं चार सिलिंडरवालं आहे, आठ सिलिंडरच्या व्ही८ ची गुरगुर ऐकायच्या आशेने चावी फिरवाल तर निराशा होईल. पण चालवायला हलकी, चपळ, गियर टाकायला मजा, ती सगळी माझदाची पुण्याई.

व्ह्यूट १९९३ ची, निसान मार्च या छोट्या हॅचबॅकवर, जॅग्वार मार्क २ या जुन्या ब्रिटिश सेडानचा चेहरा, आणि मागे चक्क डिकी जोडून हॅचबॅकची सेडान केलेली. जॅग्वारसमोर उभी केली तर लांबीला आखूड आणि उंच दिसणार हे मान्य, पण ती मार्च स्वतःच गोलमटोल, मार्क २ पण गोलाईची, म्हणून ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही. गोंडस आहे. कंपनीचं नाव खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत पोचलं ते याच गाडीने असं मला वाटतं. मोठ्या सेडानवर उभं ग्रिल बसवलेली गॅल्यू मात्र मला कधीच पटली नाही, पुढे रुबाबदार बंगल्याचं दार आणि मागे साधी ऑफिसची गाडी, सांधा लगेच दिसतो.

आणि मग हिमिको. जपानच्या प्राचीन राणीचं नाव, खाली परत एमएक्स-५, पण इथे यांनी पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरच अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वाढवलंय, आणि ते सगळं बॉनेटमध्ये गेलंय. ड्रायव्हर जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेला दिसतो. फेंडर लाटेसारखे वर येऊन खाली जातात. लोक हसतात या गाडीला, मला हसू येत नाही, कारण इथे नुसता मुखवटा चिकटवलेला नाही, गाडीचा सांगाडाच लांब करायची हिंमत केलीय. १९९० मध्ये निसान सिल्व्हियावर ले-सेड काढली होती तीच ओढ, ५०० च गाड्या केल्या होत्या, पण तिच्यात मधली केबिन सरळसरळ सिल्व्हियाचीच दिसायची. हिमिकोत ते खूपच सुधारलंय.

हा नाद फक्त जपान्यांचा आहे असं पण नाही बरं का. अमेरिकेत ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरने १९६४ मध्ये स्टुडबेकर गाडीच्या चेसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, जुन्या मर्सिडीज एसएसकेच्या थाटाची एक्सकॅलिबर उभी केली, तिची बॉडीच पूर्ण वेगळी होती म्हणून ती आजही नजरेत भरते. नंतर आली झिमर गोल्डन स्पिरिट, तिच्यात लांबलचक बॉनेटच्या मागे ऐंशीच्या दशकातल्या फोर्ड मस्टँगचे दरवाजे आणि छप्पर तसेच, आणि एकदा ते दिसले की दुसरं काही दिसतच नाही.

आत बसल्यावर काय? आत सगळं मूळ गाडीचं. तोच डॅशबोर्ड, तीच स्क्रीन, तीच बटणं, स्टिअरिंगवर बिल्ला वेगळा, सीटचं लेदर वगैरे जास्तीचे पैसे भरून. मला हे खटकतं. बाहेरून एवढी मेहनत आणि आत बसलं की शेजारच्याची गाडी. या बाबतीत निसानची स्वतःची फिगारो अजून कोणाला ऐकत नाही, १९९१ ची, २०,००० गाड्या, मागणी इतकी की लॉटरी काढून दिल्या, खाली साधी मार्चच पण बाहेरचा पत्रा वेगळा, काचा वेगळ्या, आणि आतले स्विच, गोल मीटर, अगदी सीडी प्लेअरचं तोंडसुद्धा जुन्या रेडिओसारखं. अर्थात तिथे मोठी कंपनी होती, हजारो गाड्यांवर खर्च वाटता येतो, शे-दोनशे गाड्यांसाठी नवा डॅशबोर्ड परवडणार नाही हे मला कळतं, तरी निदान मीटरच्या डायल तरी बदला ना राव.

घ्यायचा विचार असेल तर इंजिन, ब्रेक, सस्पेन्शनची काळजी नको, मूळ गाडीचेच पार्ट लागतात आणि कुठलाही चांगला मेकॅनिक करून देईल. काळजी पुढच्या तोंडाची करा, बंपर फुटला तर तो मूळ कंपनीकडे नाही मिळणार, मित्सुओकाकडूनच मागवावा लागणार आणि थांबावं लागणार, त्यामुळे जुनी घेताना क्रोमवर पापुद्रे आलेत का, फायबरच्या पार्टच्या कडेला रंगात बारीक तडे आहेत का, दोन्ही बाजूच्या पत्र्यांमधल्या गॅप सारख्या आहेत का हे उन्हात नीट बघा. आणि नव्या मॉडेलमध्ये अजून एक, पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा रडार बऱ्याचदा तोंडाजवळच बसवलेला असतो, त्याच्यासमोर कोणी हौसेने धातूची पट्टी किंवा जास्तीचा दिवा लावला तर रडार आंधळा होतो, म्हणून ग्रिलचं काम झालेली गाडी असेल तर रडार परत कॅलिब्रेट केल्याचा, म्हणजे मोजून नीट जुळवल्याचा, कागद मागा, आणि तो नसेल तर आधी कॅलिब्रेशन करून घ्या, मगच पैसे द्या.