बियांपासून तुळस: आठ महिन्यांचा अनुभव

नर्सरीतून आणलेली तुळस आमच्या गॅलरीत दोन-तीन महिन्यांच्या वर कधी टिकली नाही. यंदा मार्चमध्ये सासूबाईंनी गावच्या वृंदावनातल्या वाळक्या मंजिऱ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या आणि बियांपासूनच सुरुवात केली.

मंजिरी तपकिरी, कुरकुरीत झाली की तळहातावर चोळायची आणि हलकी फुंकर मारून कोंडा उडवायचा. बी जेमतेम खसखशीएवढं. पहिल्या खेपेला मी ते बोटाच्या पेरभर खोल पुरलं, वर मगाने पाणी ओतलं. तीन आठवडे एकही कोंब आला नाही. एवढ्याशा बियांना खोलातून वर येण्याचं बळ नसतं, शिवाय रुजायला उजेड लागतो. दुसऱ्यांदा ओल्या मातीवर बी नुसतं भुरभुरलं, त्यावर चिमूटभर चाळलेलं शेणखत, आणि पाणी स्प्रेने. नवव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले तेव्हा घरभर सगळ्यांना बोलावून दाखवले.

तीसेक रोपं आली. एकही उपटवेना, तिथे चुकलं. दाटीत माती ओलीच राहिली आणि चार दिवसांत अर्धी रोपं बुंध्याशी काळी पडून आडवी झाली. वेळीच विरळणी केली असती तर वाचली असती. उरलेली रोपं सहा पानांवर आल्यावर दहा इंची कुंड्यांत हलवली. निम्मी माती, बाकी वाळू आणि शेणखत.

जुलैतल्या झडीत पानं पिवळी पडू लागली. कुंड्या विटांवर ठेवल्या, खालची भोकं मोकळी केली, पाणी बंद. आठवड्याभरात नवी पालवी आली.

सगळ्यात जास्त फरक पडला तो मंजिऱ्या खुडल्याने. सासूबाई म्हणायच्या, "अगं, मंजिरी ठेवू नकोस, तुळशीच्या डोक्याला भार होतो." खरंच, बी धरायला लागलं की झाडाची वाढ थांबते. शेंडा खुडला की खालून दोन फांद्या फुटतात.

एक सांगते: पहिले तीन महिने पूजेलाही पानं मिळणार नाहीत. तुळशीच्या लग्नाला भरगच्च झाड हवं असेल तर उन्हाळ्यातच पेरा. गावची तुळस कृष्ण, पण माझी दोन रोपं हिरवी निघाली. बियांचं झाड आईसारखंच निघेल असं नाही.

आता सर्वांत मोठं झाड दोन फूट झालंय. यंदा लग्न त्याचंच लावलं, बाजूला ऊस बांधून. एका फांदीवरच्या मंजिऱ्या मुद्दाम राखल्यात, शेजारच्या काकूंना बी हवंय.