चंद्रावरून परत आलेल्या माणसाचे पुस्तक : ‘रिटर्न टू अर्थ’

बझ ऑल्ड्रिन यांनी वेन वॉर्गा यांच्या साहाय्याने लिहिलेले, १९७३ साली प्रसिद्ध झालेले ‘रिटर्न टू अर्थ’ हे आत्मकथन मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतले, ते अपोलो ११ ची हकिगत वाचायला मिळेल म्हणून. ज्यांना केवळ चांद्रमोहिमेचा थरार हवा आहे, त्यांनी दुसरे पुस्तक पाहावे. या पुस्तकाचा जीव ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले त्या २० जुलै १९६९ नंतरच्या दिवसांत आहे.

मोहिमेनंतर तिन्ही अंतराळवीरांना देशोदेशी फिरवण्यात आले. त्या ऑक्टोबरात ते मुंबईलाही येऊन गेले. कोरियाच्या युद्धात ६६ मोहिमांवर विमान नेलेला, अंतराळात दोन याने एकमेकांजवळ कशी आणावीत यावर एमआयटी या अमेरिकेतील तंत्रशिक्षण संस्थेतून डॉक्टरेट मिळवलेला हा काटेकोर माणूस मिरवणुका, मेजवान्या आणि भाषणे यांत हळूहळू खचत जातो. कॅलिफोर्नियातील लँकेस्टर येथील एका कार्यक्रमात ‘चंद्रावर खरोखर कसे वाटले?’ असा प्रश्न येताच त्याच्या घशाला कोरड पडते, तो कसेबसे उत्तर देतो आणि बाहेरच्या गल्लीत जाऊन रडतो. हा प्रसंग मी दोनदा वाचला.

लहानपणापासून एकामागून एक ध्येय समोर ठेवून जगलेल्या माणसाला चंद्रानंतर गाठायचे काय, हे उमगेना, हे त्यांचे निदान मला पटते. माझे वडील सैन्यातून निवृत्त झाले, तेव्हा कित्येक महिने पहाटे साडेचारला उठून, बुटांना पॉलिश करून ओटीवर बसून राहत, आणि आम्ही घरातले सगळे त्याला शिस्त म्हणत असू. नैराश्यासाठी आपण रुग्णालयात दाखल झालो होतो, हे हवाई दलातून १९७२ साली निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याने लगेच पुढच्या वर्षी छापून सांगावे, याला त्या काळात मोठे धैर्य लागले असणार.

पुस्तकात उणीव आहे, ती मुख्यतः काळाची. ऑल्ड्रिन यांचे मद्यपान १९७८ साली सुटले आणि पत्नी जोन यांच्याशी घटस्फोट १९७४ साली झाला. त्यामुळे शेवटी जाणवणारा बरे होण्याचा सूर आज वाचताना अपुरा वाटतो. हे सारे ज्यांनी घरात राहून सोसले, त्या जोन यांच्या तोंडून काही पाने असती, तर पुस्तक अधिक भरीव झाले असते.

इंग्रजी सोपे आहे; तांत्रिक भाग अडला तर वगळून पुढे जावे, काही बिघडत नाही. ज्यांच्या घरात कोणी सैन्यातून किंवा मैदानावरून निवृत्त होणार आहे, त्यांनी ते अवश्य मिळवावे, आणि शक्यतो निवृत्तीची तारीख येण्याआधी वाचावे.