रुंद चवड्याच्या बाईने पुरुषांचा बूट घ्यावा का? जेल-निंबस 25, कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

एसिक्स कंपनीचा जेल-निंबस 25 हा पळायचा बूट, आणि तोही पुरुषांसाठीचा, मी उन्हाळ्यापासून वापरतेय. तापलेले डांबरी रस्ते, पुण्याचा पावसाळा, सप्टेंबरातली सातारा हिल हाफ मॅरेथॉन आणि त्यानंतरचे थंडीतले लाँग रन हे सगळं याच जोडीवर झालं. पाचशे किलोमीटरचा टप्पा मागे पडलाय, त्यामुळे आता पहिल्या आठवड्याचा आनंद नाही, खरा अनुभव लिहिता येईल.

आधी पुरुषांचा बूट का, ते सांगते. माझं पाऊल लांबीला बेताचं, पण चवड्याला चांगलंच रुंद आहे. बुटाच्या रुंदीलाही नंबरासारखी अक्षरं असतात, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. बायकांच्या बुटात बी म्हणजे नेहमीची रुंदी आणि डी म्हणजे वाइड. पुरुषांच्या बुटात डी हीच नेहमीची रुंदी, 2ई वाइड आणि 4ई एक्स्ट्रा वाइड. थोडक्यात, बायकांचं वाइड तेच पुरुषांचं साधं. कंपन्या बायकांसाठीही वाइड बनवतात, पण आपल्या दुकानांत ते अभावानेच दिसतं. मी विचारलं तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला, “ताई, लेडीजमध्ये वाइड येत नाही. एक नंबर मोठा घेऊन टाका.”

हा सल्ला जागोजागी मिळतो, आणि पायाला तो फार महागात पडतो. नंबर वाढवला की लांबी वाढते, पण चवड्यापाशी हवी तेवढी जागा होत नाही. टाच मात्र सैल होते आणि उतारावर पाऊल पुढे घसरत राहतं. माझ्या आधीच्या जोडीत हेच व्हायचं. बोपदेव घाट चढताना काही जाणवायचं नाही, उतरताना मात्र प्रत्येक पावलाला अंगठा पुढे आपटायचा. त्यापायी नख काळं पडलं आणि करंगळीच्या कडेला फोड आला. तो बूट वाईट नव्हता, त्याचा साचा माझ्या पायाचा नव्हता.

यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेली तपासणी अगदी साधी आहे आणि दुकानात मिनिटभरात होते. बुटातला सुकतळा बाहेर काढायचा, फरशीवर ठेवायचा आणि त्यावर पूर्ण वजन टाकून उभं राहायचं. टाच मागच्या कडेला नीट टेकवायची. करंगळी किंवा अंगठ्याखालचा सांधा सुकतळ्याच्या बाहेर डोकावत असेल तर तो बूट अरुंद आहे, मग घालून कितीही मऊ वाटो. पुढे सगळ्यात लांब बोटापासून अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी हवी. बऱ्याच जणांचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं, तेव्हा मोजताना तेच धरायचं. आणि हे सगळं संध्याकाळी करायचं, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात, पळतानाही फुगतात. पळताना घालता तेच मोजे सोबत न्या. बायकांच्या सुकतळ्यावर माझी करंगळी स्पष्ट बाहेर येत होती. पुरुषांच्या सुकतळ्यावर सगळी बोटं आत मावली, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

नंबराचा हिशेबही सांगून ठेवते. अमेरिकी मापात बायकांचा नंबर पुरुषांच्या नंबरापेक्षा साधारण दीडने जास्त असतो, म्हणजे बायकांचा 9 असेल तर पुरुषांचा 7.5 घालून बघायचा. यूके नंबरावर विसंबण्यापेक्षा खोक्यावर सेंटिमीटरमध्ये छापलेला आकडा बघावा.

आता बूट. निंबस ही एसिक्सची भरपूर गादी असलेली मालिका आहे आणि 25 हे मॉडेल 2023 च्या सुरुवातीला आलं. कंपनीच्या आकड्यांनुसार पुरुषांच्या बुटात टाचेखाली 41.5 मिलिमीटर आणि चवड्याखाली 33.5 मिलिमीटर उंची आहे. म्हणजे ड्रॉप, दोन्हींतला फरक, 8 मिलिमीटरचा. आधीच्या निंबसमध्ये टाचेच्या कडेला दिसणारं जेल, म्हणजे धक्का शोषणारा मऊ थर, आता दिसत नाही, ते फोमच्या आत गेलंय. पुढच्या वर्षी 26 बाजारात आला तसा 25 स्वस्तात मिळू लागला, तेव्हा मी घेतला. पाच आकडी एमआरपीचा बूट घेताना मागचं मॉडेल बघणं केव्हाही शहाणपणाचं. दरवर्षीच्या बदलांत बहुतेक वेळा पायाला फरक पडेल असं थोडंच असतं.

पहिल्या दिवसापासून आवडली ती वरची विणलेली जाळी. ती ताणली जाते, त्यामुळे शेवटच्या किलोमीटरांत पाऊल फुगलं तरी काच पडत नाही. फोम मऊ आहे, पण दलदलीसारखा खचत नाही. विद्यापीठाच्या आवारात सकाळी हळू वेगात पळताना हा बूट मला फार प्रिय आहे. लाँग रननंतर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि नडग्या पूर्वीइतक्या दुखत नाहीत.

वेगात पळायला मात्र हा बूट नाही. पुरुषांच्या 9 नंबरात त्याचं वजन 290 ग्रॅमच्या आसपास भरतं. माझा नंबर लहान असल्याने वजन त्याहून कमी असणार, तरी ट्रॅकवर चारशे-चारशे मीटरचे इंटरव्हल, म्हणजे थांबून थांबून वेगात पळायचे टप्पे, मारताना उंची आणि मऊपणा दोन्ही आड येतात. हा त्याचा दोष नाही, तो त्या कामाचा नाही इतकंच.

पुरुषांचा साचा घेतल्याची एक किंमत मोजावी लागते. चवडा बसतो, पण टाचेपाशी बूट किंचित मोकळा राहतो. त्यावर उपाय सर्वात वरच्या जादा भोकात आहे. बहुतेक रनिंग बुटांना ते असतं आणि बहुतेक जण ते तसंच सोडून देतात. लेस त्याच बाजूच्या या भोकात बाहेरून आत घालायची, पण पूर्ण ओढायची नाही, म्हणजे दोन्ही बाजूंना छोटा फासा तयार होतो. मग डावी लेस उजव्या फाशातून, उजवी डाव्या फाशातून न्यायची आणि खाली, मागे ओढून गाठ मारायची. टाच घट्ट धरली जाते आणि चवड्यावरची लेस सैल ठेवता येते.

याची खरी परीक्षा साताऱ्यात झाली. ती हाफ मॅरेथॉन शहरातून निघते, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागते आणि त्याच वाटेने परत उतरते. नखं वाचतात की जातात हे तो उतार ठरवतो. घाटात धुकं होतं, रस्ता ओला होता. उताराला लागण्याआधी कडेला थांबून मी दोन्ही लेस वरच्या फाशांतून पुन्हा आवळल्या. खाली आल्यावर मोजे काढून बघितलं तर दहाही नखं शाबूत आणि करंगळीला साधा लालसरपणाही नाही. त्या क्षणी मला झालेला आनंद वेळेपेक्षा मोठा होता, हे मी अगदी खरं सांगते.

ओल्या डांबरावर पकड चांगली आहे. वेताळ टेकडीवर मात्र हा बूट नेऊ नका. सुट्या मुरमावर इतका उंच आणि मऊ बूट घोट्याला हेलकावे देतो, आणि तळाला चिखलात रुतणारे दात नाहीत. टेकडीसाठी ट्रेलचा, म्हणजे कच्च्या वाटांसाठीचा, बूट वेगळाच हवा. पावसाळ्यात भिजला की जाड जाळी आणि गादी पाणी धरून ठेवतात. सुकतळा काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, दोनेक तासांनी बदलायचे आणि पंख्याखाली ठेवायचा. उन्हात किंवा गीझरजवळ ठेवू नका, उष्णतेने फोम आणि डिंक दोन्ही लवकर मरतात.

दोन जोड्या आलटून पालटून वापरायची सवय याच पावसाळ्यात लागली. सुरुवात सुकण्याच्या सोयीसाठी झाली, पण त्यामागे आणखीही कारण आहे. लक्झेंबर्गमधल्या 264 धावपटूंच्या एका अभ्यासात एकाहून जास्त जोड्या वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका 39 टक्क्यांनी कमी आढळला होता. वेगवेगळ्या बुटांत पायावर येणारा भार थोडा बदलत राहतो, हे त्याचं संभाव्य कारण मानलं जातं.

दुकानांत अजूनही ओल्या पायाचा ठसा बघून ‘तुमचा पाय सपाट आहे, हाच बूट घ्या’ असं सांगतात. अमेरिकी सैन्यदलांनी नवीन भरती झालेल्यांना तळपायाच्या आकारानुसार बूट देऊन बघितले होते. त्याने दुखापतींत लक्षणीय फरक पडला नाही. कॅल्गरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी 2015 मध्ये मांडलं की धावणाऱ्याने आपल्या पायाला जो आरामदायी वाटतो तो बूट निवडावा. माझा अनुभवही हेच सांगतो, फक्त आराम म्हणजे दुकानात उभं राहून वाटणारा मऊपणा नव्हे. दोन्ही बूट घालून, लेस नीट बांधून, शक्य असेल तर दुकानाबाहेर शंभर पावलं पळून बघा. कुठेही टोचलं तर ‘वापरून सैल होईल’ या भरवशावर घेऊ नका.

आता झीज. बाहेरच्या बाजूला टाचेचं रबर घासलंय, बहुतेकांचं तिथेच घासतं. फोमवर आडव्या सुरकुत्या आल्यात आणि पहिल्या महिन्यातली उसळी थोडी कमी झालीय. साधारणपणे रनिंग बूट पाचशे ते आठशे किलोमीटर चालतो असं धरतात. माझ्या वजनाला आणि या रस्त्यांना ही जोडी आणखी दीड-दोनशे किलोमीटर सहज देईल असं दिसतंय. त्यानंतर ती चालायला आणि भाजी आणायला वापरणार.

पायाला रुंदी हवी असेल, वेग फार वाढवायचा नसेल आणि रस्त्यावरच पळायचं असेल, तर हा बूट घालून बघाच. पाऊल अरुंद असलेल्या बायकांनी बायकांचाच निंबस बघावा, पुरुषांच्या साच्यात त्यांची टाच लेसनेही थांबणार नाही. पहिला हाफ वेळेसाठी पळायचा असेल तर रेसला याहून हलका बूट ठेवा आणि हा सरावाला. पुढची जोडी घेताना मी बायकांचं डी आधी शोधेन, आणि नाही मिळालं तर पुन्हा पुरुषांच्याच रॅककडे जाईन.