स्मोक अलार्म: यंत्र उत्तम, बसवणी मात्र सदोष

गेल्या मार्चमध्ये, घरोघरी कूलर बाहेर निघण्याच्या सुमारास, सीताबर्डीतील एका दुकानातून मी बॅटरीवर चालणारे दोन स्मोक अलार्म आणले. दोन्ही फोटोइलेक्ट्रिक आहेत. आतल्या कप्प्यात धुराचे कण शिरले की प्रकाशाचा झोत विखरून संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो. गादी किंवा वायरचे आवरण ज्वाळेविना धुमसत असते, तेव्हा हा प्रकार आयोनायझेशन या दुसऱ्या प्रकारच्या स्मोक अलार्मपेक्षा लवकर इशारा देतो, म्हणून मी तोच निवडला. एका नगाच्या पाठीवरची उत्पादनाची तारीख दीड वर्ष जुनी निघाली. अलार्मचे दहा वर्षांचे आयुष्य त्याच तारखेपासून मोजतात, हे दाखवताच दुकानदाराने तो विनातक्रार बदलून दिला.

दुकानाने पाठवलेल्या कारागिराविषयी मात्र माझी गंभीर तक्रार आहे. त्याने बैठकीतला अलार्म छताच्या पंख्यापासून हातभर अंतरावर, कूलरच्या थेट झोतात लावला. अशा जागी वाऱ्यामुळे धूर यंत्रापर्यंत पोहोचतच नाही आणि दमट हवेने तो विनाकारण वाजतो. आमच्याकडे तो मध्यरात्री दोनदा वाजला, आणि घरची मंडळी बॅटरीच काढून ठेवा म्हणू लागली. चुकीच्या जागेचा खरा धोका मला हाच वाटतो. अखेर माहितीपुस्तिका वाचून मीच तो पंखा-कूलरपासून दूर, स्वयंपाकघरापासून दहा फुटांपलीकडे, भिंतीवर छताखाली सहा इंचांवर लावला. त्यानंतर फोडणीच्या धुरानेही तो वाजलेला नाही.

देखभाल फारशी नाही. दरमहा चाचणीचे बटण दाबतो आणि नऊ व्होल्टची बॅटरी वर्षातून एकदा बदलायची आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ फार, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पंधरवड्याने व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने जाळी साफ करतो.

आवाज दहा फुटांवर ८५ डेसिबल असल्याचे खोक्यावर लिहिले आहे आणि बैठकीत तो कानठळ्या बसवतो. तरीही आईच्या खोलीबाहेरच्या अलार्मची चाचणी मी मुद्दाम रात्री, तिचे दार बंद आणि कूलर पूर्ण वेगात असताना घेतली, तेव्हा तिला जाग आली नाही. म्हणून याच बनावटीचा तिसरा नग आणून तिच्या खोलीत, कूलरच्या झोतापासून दूर, लावला आहे.