डिपॉझिशनसाठी स्टेनो रिपोर्टर की डिजिटल रेकॉर्डिंग?

डिपॉझिशन म्हणजे कोर्टाबाहेर शपथेवर घेतलेली साक्ष. ती स्टेनो रिपोर्टर लघुलिपीत टिपतो, नाहीतर तिचं डिजिटल रेकॉर्डिंग होतं. अमेरिकेच्या फेडरल दिवाणी दाव्यांत दिवाणी प्रक्रियेचा नियम ३० दोन्हींना मुभा देतो. पद्धत नोटिशीतच लिहायची, आणि रेकॉर्डिंगचा खर्च नोटीस काढणाऱ्याचा.

स्टेनोचं बिल पानांवर चढतं: हजेरी शुल्क, २५ ओळींच्या पानामागे दर, वर प्रदर्शांच्या (साक्षीत दाखवलेल्या कागदपत्रांच्या) प्रती, कच्चा मसुदा, तातडीचा अधिभार. अंदाज फसतो तो बहुधा या तातडीमुळे. उतारा कधी हवा ती तारीख आधी ठरवा आणि दरपत्रक लेखी घ्या. स्टेनोंच्या आरपीआर (रजिस्टर्ड प्रोफेशनल रिपोर्टर) प्रमाणपत्राला साक्षीच्या चाचणीत मिनिटाला २२५ शब्द, ९५ टक्के अचूकतेने टिपावे लागतात. दोघं एकदम बोलले तर स्टेनो तिथेच थांबवतो.

डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये हजेरी सहसा स्वस्त पडते, पण साक्ष कोर्टात वापरायची तर साधारणपणे लेखी उतारा द्यावाच लागतो, म्हणजे पानांचा खर्च टळला नाही, पुढे ढकलला. एकच माइक असेल तर उताऱ्यात ‘अस्पष्ट’च्या खुणा येतात. प्रत्येकाला वेगळा माइक हवा.

साक्षीदार मराठीत बोलणारा असेल तर मात्र रेकॉर्डिंग हवंच. स्टेनो फक्त दुभाष्याचं इंग्रजी टिपतो. मूळ वाक्य कुठेच उरत नाही. सात तासांच्या गुंतागुंतीच्या तज्ज्ञ-साक्षीला स्टेनोच बरा.