टर्बो इंजिन पुन्हा बांधताना पिस्टन कास्ट घ्यावा की फोर्ज्ड?

इंजिन उतरलं आहे, ब्लॉक बोरिंगला (सिलिंडर थोडा मोठा कापायला) जायचा आहे, आणि मिस्त्री विचारतोय की पिस्टन कोणता आणू. इंदूरच्या छोटी ग्वालटोलीतल्या दुकानात देशी कास्ट (ओतीव) सेट मिळतो. फोर्ज्ड (दाबून घडवलेला) हवा असेल तर बहुतेक वेळा बाहेरून मागवावा लागतो, पैसे कितीतरी पट जातात आणि गाडी तोवर जागेवर उभी राहते. माझं मत स्पष्ट आहे. कंपनीने दिलेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) तेवढाच ठेवणार असाल, तर कारखान्यातून ज्या जातीचा पिस्टन आला होता त्याच जातीचा घ्या. बहुतेक घरगुती गाड्यांत तो कास्टच असतो. फोर्ज्डचा खर्च रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या संगणकातली सेटिंग बदलून, बूस्ट वाढवणाऱ्याने करावा.

पण त्याआधी जुना पिस्टन हातात घेऊन नीट बघा. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली पट्टी तुटली असेल, तर नॉकिंगवर, म्हणजे इंधन एकदम स्फोटासारखं पेटण्यावर, संशय घ्या. डिझेलमध्ये माथा एकाच जागी जळून खड्डा पडला असेल, तर आधी इंजेक्टर तपासून घ्या. स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या बाजूवर) उभे ओरखडे असतील, तर इंजिन तापलं किंवा ऑइल कमी पडलं. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोलमध्ये कमी आरपीएमला जोरात ॲक्सिलरेटर दाबला की वेळेआधीच पेट घेण्याचा त्रास असतो. त्यावर एपीआय एसपी दर्जाचं ऑइल हा खरा आणि स्वस्त उपाय आहे. मूळ कारण तसंच राहिलं, तर महागडा पिस्टनही त्याच वाटेने जाईल.

कास्ट पिस्टनच्या ॲल्युमिनियममध्ये साधारण १२ टक्के सिलिकॉन असतं, हायपरयुटेक्टिक प्रकारात १६ ते १८ टक्के. सिलिकॉन वाढलं की पिस्टन तापल्यावर कमी फुगतो, त्यामुळे क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) घट्ट ठेवता येतो, बऱ्याच इंजिनांत ०.०३ ते ०.०५ मिमी. थंड इंजिन आवाज करत नाही, ऑइल कमी खातं, रिंगा जास्त टिकतात. रोज ऑफिस आणि महिन्यातून एकदा पुण्या-नाशिकची फेरी एवढाच वापर असेल, तर हे गुण सोन्यासारखे आहेत. दोष एकच, पण मोठा: तो ठिसूळ असतो. सततचं नॉकिंग त्याला सोसत नाही, तडा जातो. श्रीराम पिस्टन्सचा ‘उषा’, गोएट्झे, इंडिया पिस्टन्स आणि माहले ही बाजारात रुळलेली नावं आहेत. खोकं बघून समाधान मानू नका, पिस्टन उलटा करून बघा. मूळ पिस्टनच्या आत ऑइल फिरायची गॅलरी असेल, तर नव्यातही तिची भोकं दिसली पाहिजेत. टर्बो डिझेलमध्ये वरच्या रिंगच्या खाचेत ओतीव लोखंडाचं कडं बसवलेलं असतं, तेही बघा. या दोन्ही गोष्टी गाळून स्वस्त केलेला सेट दुकानदाराने फुकट दिला तरी नको.

डिझेलवाल्यांसाठी विषय इथेच संपतो, त्यांनी फोर्ज्डच्या वाटेला जाऊ नये.

फोर्ज्डमध्ये ४०३२ आणि २६१८ हे दोन मिश्रधातू मुख्य आहेत, आणि खरी निवड इथे करावी लागते. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं. त्याचा क्लिअरन्स कास्टच्या जवळपास राहतो, आवाज कमी, झीज कमी. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळपास नसतंच. तो लवचीक असतो, नॉकिंगचा मार बसला तर तुटण्याऐवजी थोडा वाकतो, म्हणून जास्त बूस्टच्या इंजिनात तोच वापरतात. पण तो फुगतो भरपूर. ८० मिमीच्या आसपासच्या बोअरला ०.०८ ते ०.१० मिमी क्लिअरन्स लागू शकतो, आणि जानेवारीच्या सकाळी इंजिन गरम होईपर्यंत खडखड ऐकू येते. माफक रिमॅप करून रोज चालवायची गाडी असेल, तर मी डोळे मिटून ४०३२ घेईन. २६१८ ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी ठेवा.

आपल्या भागातली एक गोष्ट विसरू नका. मे महिन्यात धुळ्याहून परतताना खलघाटला नर्मदा ओलांडली, की गाडी भरलेली, एसी चालू आणि समोर मानपूरचा घाट. इंटरकूलरमधून (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागातून) येणारी हवाच गरम असते, टाकीत साधं पेट्रोल. नॉकिंगला यापेक्षा सोयीची वेळ नाही. तिथे चांगला इंटरकूलर, स्वच्छ रेडिएटर आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल जे काम करतात, ते फोर्ज्ड पिस्टन करत नाही. त्याच्याने फक्त मार सोसण्याची ताकद वाढते.

काहीही घेतलं तरी क्रम पाळा: पिस्टन आधी हातात, बोरिंग नंतर. ‘पॉइंट पन्नास टाकू’ (०.५० मिमी मोठा पिस्टन) म्हणून ब्लॉक आधीच कापून बसलात आणि त्या मापाचा पिस्टन मिळाला नाही, तर स्लीव्हचा, म्हणजे सिलिंडरमध्ये नवी नळी बसवण्याचा, खर्च अंगावर येतो. बोरिंगवाल्याला प्रत्येक पिस्टन मोजायला सांगा, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात आणि कंपनीने दिलेल्या उंचीवर, कारण पिस्टन पूर्ण गोल नसतो. ब्लॉक आणि पिस्टन रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजावेत. २० अंशांच्या फरकाने ८० मिमीचा २६१८ पिस्टन सुमारे ०.०३५ मिमी फुगतो, म्हणजे दुपारच्या उन्हात घेतलेलं माप जवळपास निरुपयोगीच. आणि रिंगची गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) पिस्टनसोबत आलेल्या कागदावरचीच ठेवा, टर्बोसाठीचा आकडा वेगळा दिला असेल तर तोच. साध्या इंजिनाच्या सवयीने गॅप कमी ठेवली, तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि कास्ट असो वा फोर्ज्ड, पट्टी तुटते.