डीजेआय मिनी ३: खानदेशात उडवताना उंचीचा हिशोब

या ड्रोनबद्दल दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती उंच जातो? अ‍ॅपमध्ये उंचीची मर्यादा ५०० मीटरपर्यंत नेता येते. कायद्याने परवानगीशिवाय मिळतात ते १२० मीटर, म्हणजे ४०० फूट, आणि तेही सरकारी नकाशातल्या हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या क्षेत्रात. हौशी माणसाचं खरं काम ३० ते ६० मीटरमध्ये होतं. मिनी ३ चा कॅमेरा चांगला आहे, वजन २४९ ग्रॅमच्या आत आहे, खिशालाही प्रो मॉडेलपेक्षा सोसतो. पण तो विकत घेण्याआधी त्याची उंची मोजण्याची रीत समजून घ्यायला हवी, कारण हा ड्रोन बहुतेक वेळा पडतो किंवा हरवतो तो तिथेच.

पडद्यावर दिसणारी उंची उड्डाणाच्या जागेपासूनची असते. ड्रोन ज्या जमिनीवर आहे तिच्यापासूनची नाही. रावेर-यावलच्या सपाट शिवारात फरक पडत नाही. तोरणमाळला सीताखाईच्या कड्यावरून तो सरळ पुढे सोडलात की गोष्ट बदलते. पडद्यावर १० मीटर दिसत राहतात, खाली दरी १५० मीटर खोल असेल तर ड्रोन जमिनीपासून १६० मीटरवर असतो. नियम मोडलेला असतो आणि अ‍ॅप अवाक्षर काढत नाही. उलट बाजू जास्त महागाची. सातपुड्याच्या पायथ्याशी उडवून डोंगराकडे निघालात, पडद्यावर ८० मीटर आहेत, समोरची सोंड ९० मीटर उंच आहे, तर ड्रोन थेट तिच्यात जाणार. मिनी ३ ला पुढे, मागे वा बाजूला अडथळा ओळखणारे सेन्सर नाहीत. फक्त पोटाखालचे आहेत आणि त्यांची अचूक पकड साधारण १० मीटरपर्यंतच. डोंगराळ भागात शक्यतो उंच जागेवरूनच उड्डाण करा आणि दरीवर फार आत जाऊ नका. तापीच्या उंच काठावरून पात्राकडे उतरताना आकडा उणे १०, उणे १२ असा दिसतो. तो बिघाड नाही.

ही उंची वायुदाबावरून काढली जाते. दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की आकडा आठ-नऊ मीटरने सरकतो. वळवाचं आभाळ दाटून येत असताना पंधरा-वीस मिनिटांत तेवढा बदल होऊ शकतो. म्हणून विजेच्या तारेवरून ‘पाच मीटर वरून काढतो’ हा हिशोब या यंत्रावर करू नये. तारांपेक्षा किमान २० मीटर वर राहा आणि ओलांडताना दोन टॉवरच्या मध्ये न ओलांडता टॉवरच्या माथ्यावरून ओलांडा. सगळ्यात वरची बारीक अर्थ वायर कॅमेऱ्यात दिसत नाही, टॉवर मात्र दिसतो. दीपनगरहून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांमुळे भुसावळ परिसरातल्या शेतांत हे रोजचं आहे.

आता फोटोकडे. कॅमेरा थेट खाली वळवून १२ मेगापिक्सेलचा फोटो काढला तर ३० मीटरवरून सुमारे ४२ मीटर रुंदीची जमीन येते आणि एक पिक्सेल म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. केळीच्या बागेत झाड-झाड वेगळं दिसतं, पिवळी पानं आणि कुठे ठिबकची नळी निसटून डबकं साचलंय ते कळतं. ६० मीटरवरून ८४ गुणिले ६३ मीटर, म्हणजे सव्वा एकराहून थोडं जास्त. १२० मीटरवरून पाच एकर एका फोटोत बसतात, पण पिक्सेल चार सेंटिमीटरचा होतो आणि उन्हाळ्यात खानदेशी धूळ मध्ये आली की सगळं दुधाळ. किल्ला, मंदिर, यात्रेचं मैदान यांना २५ ते ५० मीटर पुरतात. त्याहून वर गेलं की कळसाची उंचीच चित्रातून निघून जाते. लग्नाच्या मंडपावर तर १५ मीटर खूप झाले. तेही थेट वऱ्हाडाच्या डोक्यावर नाही, बाजूने.

वारा हा भाग लोक सगळ्यात कमी मोजतात. मोकळ्या रानात १० मीटरवर ताशी २२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ६ मीटर वारा असेल तर १२० मीटरवर तो साडेआठच्या घरात जातो. कंपनी १०.७ मीटर प्रति सेकंदापर्यंत सोसेल म्हणते. सोसेल, म्हणजे जागेवर टिकेल. परत येणं वेगळं. साध्या मोडमध्ये कमाल वेग सेकंदाला १० मीटर. साडेआठच्या समोरच्या वाऱ्यात उरतात दीड, म्हणजे ४०० मीटर परतायला साडेचार मिनिटं, तीही बॅटरी ओढत. हाच ड्रोन ४० मीटरवर उतरवला तर वारा सव्वासातच्या आसपास मिळतो आणि वेळ अडीच मिनिटांवर येतो. स्पोर्ट मोडमध्ये तर मिनिटभरात घरी. तेव्हा वाऱ्यात अडकलात तर क्रम असा: खाली तारा-झाडं नाहीत हे पाहा, उंची कमी करा, मग स्पोर्ट मोड. आणि निघताना नेहमी वाऱ्याच्या तोंडाकडे जा, म्हणजे परतीला वारा पाठीशी येतो.

अ‍ॅपमधला ‘रिटर्न टू होम’ याच ठिकाणी दगा देतो. तो दाबला, किंवा सिग्नल तुटला, की ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत परततो. ती उंची कमी ठेवली तर चिंचेच्या झाडात, जास्त ठेवली तर वरच्या वाऱ्यात. सपाट बागायती शिवारात ४० मीटर बरोबर. निलगिरीच्या रांगा असतील तर ५०. मोबाइल टॉवर किंवा उच्चदाब वाहिनी जवळ असेल तर ७०. ड्रोन आधीच त्याहून वर असेल तर तो आहे त्याच उंचीवरून परततो, खाली येत नाही. हे विसरून १२० वर निवांत बसणारे बरेच. तीन ठिपके दाबून ‘सेफ्टी’मध्ये गेलं की कमाल उंची, कमाल अंतर आणि परतीची उंची हे तिन्ही एकाच ठिकाणी आहेत, कमाल उंची १२० वरच ठेवा, हात लावू नका. कमाल अंतर ३०० मीटर. एवढ्या लहान यंत्राचा दीड-दोनशे मीटरनंतर तसाही ठिपका होतो आणि तोंड कुठे आहे ते डोळ्याला कळत नाही. सिग्नल दहा किलोमीटरचा आहे ही जाहिरात या बाबतीत निरुपयोगी.

डोक्यावर अगदी सरळ वर नेऊ नये, हेही लक्षात असू द्या. रिमोटचे अँटेना फोन अडकवायच्या चिमट्यातच आहेत आणि त्यांची सपाट बाजू ड्रोनकडे असायला हवी. ड्रोन थेट डोक्यावर गेला की सिग्नल सगळ्यात कमजोर. ३०-४० मीटर बाजूला ठेवून मग चढवा. उतरताना सरळ दगडासारखा खाली आणू नका, थोडी पुढची हालचाल ठेवा. स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत पंखे सापडले की तो डगमगतो. साध्या मोडमध्ये उतरण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर. १२० मीटरवरून ४० सेकंद. ५०० मीटरवरून पावणेतीन मिनिटं, आणि तेवढ्या वेळात वारा त्याला दुसऱ्या गावाच्या शिवेत नेऊन सोडेल.

बॅटरीवर ३८ मिनिटं छापलेली आहेत. ती वारा नसताना, एकसारख्या वेगाने. आपल्याकडे २५ धरा आणि ३० टक्के उरले की उतरवा. तापमानाची छापील मर्यादा ४० अंश आहे. भुसावळ-जळगावचा मे महिना ही मर्यादा दुपारी सहज ओलांडतो. त्या दिवसांत सूर्योदय ते साडेआठ, नाहीतर सायंकाळी; दुपारी उडवायचाच नाही, कारण तापलेल्या रानातून उठणाऱ्या भोवऱ्यात हे हलकं यंत्र तीन-चार मीटर वर-खाली फेकलं जातं. बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत आणि उडवून झाल्यावर गरम असताना चार्जिंगला लावू नयेत. फोन आधी तापून बंद पडतो, ड्रोन नंतर. सुती ओला रुमाल फोनच्या पाठीला, एवढा उपाय पुरतो.

घारीने झडप घातली तर? त्या वरून येतात. रिमोटची काठी पूर्ण वर करून चढा, मग बाजूला निघा. खाली पळू नका. संक्रांतीच्या आठवड्यात गावावर ड्रोन काढूच नये, मांजा पंख्यात गेला की मोटर तिथेच थांबते.

कायद्याचं थोडक्यात, पण नेमकं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत ‘नॅनो’. नॅनोला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, विमा सक्तीचा नाही. आता गंमत पाहा: यालाच मोठी ‘प्लस’ बॅटरी लावली की वजन २९० ग्रॅमच्या आसपास जातं आणि तो ‘मायक्रो’ होतो. हौसेने उडवला तर प्रमाणपत्र तरीही नको, पण लग्नाच्या शूटिंगचे पैसे घेतले की हवं. छायाचित्रकारांनी प्लस बॅटरीचा मोह टाळलेला बरा.

विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटर लाल, म्हणजे मनाईचं क्षेत्र. ५ ते ८ पिवळं, जमिनीपासूनच परवानगी हवी. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फूट, म्हणजे ६० मीटरपर्यंतच हिरवं; त्यावर पिवळं. जळगावचा विमानतळ कुसुंब्याला, शहराला लागूनच, त्यामुळे शहरात आणि मेहरूण तलावाकडे नकाशा न पाहता उडवणं म्हणजे दंडाला निमंत्रण; दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे. नकाशा ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाचाच पाहायचा. ड्रोनच्या अ‍ॅपने उडू दिलं याचा अर्थ कायद्याने मोकळं असा होत नाही. जळगाव आणि शिरपूर परिसरात शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं फिरतात, इंजिनाचा आवाज आला की आधी खाली, मग विचार. वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणी, वीजकेंद्र यांच्या आसपास नकाशा काहीही म्हणो, जाऊ नका. यावल, अनेर, गौताळा अभयारण्यांत वनखात्याची परवानगी लागते. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत, मंत्र्यांच्या सभेत पोलीस ९६ तासांपर्यंत तात्पुरतं लाल क्षेत्र जाहीर करू शकतात. आदल्या दिवशी ठाण्यात विचारून ठेवलं की डोकेदुखी टळते. साक्री-ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांची पाती तुमच्या १२० मीटरच्या आतच फिरतात, आणि पात्यांमागची हवा खवळलेली असते.

मग घ्यावा की मिनी ४ प्रो? त्याला चारही बाजूंचे सेन्सर आहेत. बागेत, झाडांमध्ये, ५ ते १५ मीटरवर उडवणार असाल तर पैसे वसूल. ४० मीटरवर मोकळ्या आभाळात ते सेन्सर रिकामेच बसतात, आणि बारीक तार त्यांनाही दिसेलच असं नाही. शेत, डोंगर, नदी एवढंच काढायचं असेल तर मिनी ३ पुरेसा.

विकत घेताना एक अडचण उघड सांगायला हवी. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. बाजारात मिळणारे नग कुठून आले हे विचारा, पक्कं बिल मागा, दुकानदाराच्या वॉरंटीत गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारा भाग) धरलंय का ते लिहून घ्या. जुना घेत असाल तर दुकानाबाहेर मोकळ्या जागी २० मीटरवर दोन मिनिटं काठ्या सोडून उभा करा. आकडा आणि जागा स्थिर राहिली, व्हिडिओत थरथर नसली, पंख्यांच्या कडांना खाचा नसल्या तर पुढे बोला. बॅटरीचे चार्जिंग सायकल अ‍ॅपमध्ये दिसतात. दीडशेच्या वर असतील तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करूनच सौदा करा.